जड झालेले हात

शास्त्रवाचन : निर्गम १७:८-१३, गणना ८:२३-२६, २ करिंथ. १२:७-१०



रफीदीम येथील लढाईचा वृत्तांत आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. खाली यहोशवा अमालेकाशी लढत आहे. वर टेकडीच्या माथ्यावर मोशे देवाची काठी हाती घेऊन उभा आहे. त्याचे हात वर असले म्हणजे इस्राएलाची सरशी होते, ते खाली आले म्हणजे अमालेकाची. या भागावर आपण पुष्कळ संदेश ऐकले, आणि बहुधा त्यांचा विषय प्रार्थनेचे सामर्थ्य हा असतो. तो योग्यच आहे. परंतु बाराव्या वचनाच्या आरंभी एक लहानशी गोष्ट सांगितली आहे, तिच्यावरून आपण घाईने पुढे जातो. मोशेचे हात जड झाले. मीही कित्येक वर्षे तेथून घाईनेच पुढे जात असे. माझा स्वतःचा हात जड झाला तेव्हा मला तेथे थांबावे लागले.

मी पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करतो. या कामात घाम गाळावा लागत नाही, म्हणून ते अंगमेहनतीचे आहे असे कोणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हते. दिवसभर संगणकाच्या कळफलकावर बोटे चालत, आणि उरलेले काम रात्री घरी होई. एका पावसाळ्यात मध्यरात्रीनंतर उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येऊ लागली. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होई. हात झटकला की बरे वाटे. पुढे सदऱ्याची गुंडी लावताना बोटे चाचपडू लागली, भरला पेला हातातून निसटू लागला. हे मी आठ महिने कोणाला सांगितले नाही. माउस डाव्या हाताने चालवायला शिकलो आणि आपण मोठी युक्ती केली असे मानले. थोड्याच दिवसांत डावा हातही कुरकुरू लागला.

पुढे वाचनात आले की हा अनुभव फार जुना आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली निरनिराळ्या धंद्यांतील लोकांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लेखनिकांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली आहेत : सतत बसून राहणे, हाताची तीच ती हालचाल अखंड चालणे, आणि लिहिण्यात चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, आणि काही काळाने त्या हातालाही तेच दुखणे जडले. तीनशे वर्षांपूर्वीचा तो मनुष्य आणि मी यांत मला काही अंतर दिसेना. दोघांनीही हात बदलला; काम करण्याची रीत बदलली नाही.

लपवण्यामागचे कारण

मी दुखणे का लपवले? मुदतीचे भय होते, हे खरे. आपल्यावाचून काम अडेल असा गर्व होता, हेही खरे. पण याहून खोल असे एक कारण होते, आणि ते धार्मिक होते. देवाच्या कामात देह झिजावा, त्याबद्दल बोलू नये, बोलणे म्हणजे कुरकुर, असे माझ्या मनाने घेतले होते. या समजुतीला मी भक्ती म्हणत असे.

मोशेकडे पाहा. तो देवाचा मनुष्य होता. हाती देवाची काठी होती, काम देवाने नेमलेले होते, आणि खाली लोकांचे प्राण त्या कामावर अवलंबून होते. तरी त्याचे हात जड झाले. शास्त्र यासाठी त्याला दोष देत नाही. त्याचा विश्वास कमी पडला असे म्हणत नाही. हात मातीचे आहेत, ते वर धरून ठेवले तर जड होतात, एवढेच सांगते. ज्याने हात घडवले त्याला त्यांचे वजन ठाऊक आहे.

येथे भाषांतरकाराच्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो. मूळ इब्री भाषेत हातासाठी जो ‘याद’ हा शब्द आहे, त्यात बहुधा मनगटही येते. उत्पत्ती २४ मध्ये रिबकेच्या हातांत सोन्याच्या बांगड्या घातल्या, असे वाचताना आपण मनगटच समजतो. प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये पेत्राच्या हातांतील साखळ्या गळून पडल्या, तेथे ग्रीक शब्दाचीही तीच गोष्ट. शास्त्र जेव्हा हाताविषयी बोलते, तेव्हा ते आपल्या या दुखऱ्या सांध्यालाही वगळत नाही.

आधी धोंडा

हात जड झाल्यावर काय झाले, याचा क्रम लक्षात घ्या. अहरोन आणि हूर यांनी प्रथम मोशेचे हात धरले नाहीत. प्रथम त्यांनी एक धोंडा आणून त्याच्याखाली ठेवला, आणि मोशे त्यावर बसला. लढाई चालू असताना देवाचा सेवक खाली बसला! उभे राहूनच हात वर करायला हवेत असा हट्ट त्याने धरला नाही. काम तेच राहिले; करण्याची रीत बदलली.

माझ्या धोंड्याची सुरुवात डॉक्टरांच्या खोलीत झाली. त्यांनी समजावून सांगितले ते असे. मनगटात, तळहाताच्या बाजूला, हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू त्यातून जातात. आत सूज आली की दाब त्या मज्जातंतूवर येतो. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. नुसत्या टंकलेखनाने तो होतो असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र जोर लावून, मनगट वाकवून तीच ती हालचाल करण्याच्या कामांत तो अधिक आढळतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात आणि गरोदरपण यांतही तो होतो. म्हणून हात दुखला की सरसकट कामालाच दोष न देता तपासून घ्यावे.

मग त्यांनी पर्याय मांडले. दुखणे सौम्य असेल तर रात्री मनगट सरळ राहील असा पट्टा बांधावा, कामाची मांडणी बदलावी, मध्ये मध्ये थांबावे. तेवढ्याने न भागल्यास मनगटात औषधाचे इंजेक्शन देता येते. त्याने पुष्कळांना आराम पडतो, पण तो नेहमी टिकतोच असे नाही. बधिरपणा कायम राहू लागला, अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू रोडावू लागला, तर शस्त्रक्रिया करून तो जाड पट्टा कापून मज्जातंतू मोकळा करतात. उशीर झाला तर गेलेली शक्ती पूर्णपणे परत येईल याची खात्री देता येत नाही.

माझी तपासणी झाली तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा सपाट होऊ लागला होता. शस्त्रक्रिया झाली. रात्रीच्या मुंग्या गेल्या, झोप परत आली. पण अंगठ्याची शक्ती पूर्वीसारखी आली नाही. ज्या आठ महिन्यांना मी भक्ती म्हणत होतो, त्यांची ही किंमत आहे.

औषधोपचार घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे, असे आपल्यातील काहींना अजूनही वाटते. हिज्कीया राजा मरणोन्मुख असता परमेश्वराने त्याची प्रार्थना ऐकली, आणि यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले. देवाचे वचन आणि अंजिरांचे पोटीस एकाच अध्यायात शेजारी शेजारी आहेत (२ राजे २०). पौलाबरोबर वैद्य लूक होता. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी त्याच पौलाने थोड्या द्राक्षारसाचा उपाय लिहून कळवला (१ तीम. ५:२३). धोंडा आणून ठेवणारे हातही देवाचेच आहेत.

मग माणसे

मोशे बसल्यावर अहरोन आणि हूर एकेका बाजूला उभे राहिले आणि त्यांनी त्याचे हात धरून ठेवले. सूर्य मावळेपर्यंत ते स्थिर राहिले. ‘स्थिर’ या अर्थी तेथे आलेला मूळ शब्द ‘एमूना’ असा आहे. हा शब्द शास्त्रात इतरत्र बहुधा विश्वासूपणा या अर्थाने येतो. आपण प्रार्थनेच्या शेवटी उच्चारतो तो ‘आमेन’ याच धातूपासून निघाला आहे. शब्दशः पाहिले तर मोशेचे हात विश्वासूपणा झाले, असे ते वाक्य आहे. मराठीत ते तसे ठेवता येत नाही, म्हणून आपण ‘स्थिर’ म्हणतो. पण अर्थ हातातून निसटू देऊ नका. हे हात केव्हा विश्वासू म्हटले गेले? एकट्याने वर धरले होते तेव्हा नव्हे. दुसऱ्या दोघांनी धरले होते तेव्हा. आपण विश्वासूपणा म्हणजे एकट्याने तग धरणे असे समजतो. शास्त्राने तो शब्द तीन माणसांच्या सहा हातांना मिळून वापरला आहे.

रोमकरांस पत्र कोणी लिहिले, असे विचारले तर आपण पौलाने म्हणून सांगतो. पण त्याच्या सोळाव्या अध्यायात तर्तिय नावाचा एक बंधू मध्येच डोके वर काढतो आणि हे पत्र लिहिणारा मी, असे सांगून सलाम पाठवतो. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा. आपल्या मराठी शास्त्राची कथा तरी काय निराळी आहे? पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापले गेले. तेथील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले. रमाबाई १९२२ साली प्रभूकडे गेल्या आणि संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर एक नाव असते. आतल्या प्रत्येक ओळीवर अनेक हात असतात.

आता मी बोलतो आणि एक तरुण सहकारी टंकलेखन करतो. तो सुटीवर असला तर यंत्राला सांगून लिहून घेतो. मराठी बोलणे ऐकून अक्षरे उमटवणारी सोय आता साध्या मोबाईलवरही आहे. सुरुवातीला याची मला लाज वाटे. पुढे ध्यानात आले की मोठ्याने म्हणताना जे वाक्य जिभेला अडते, ते उपासनेत वाचणाऱ्यालाही अडणार. लिहिताना ते कधी कळले नव्हते.

जे सांगायला नको वाटते

येथे मला एक कबुली द्यायची आहे. तिच्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

गुजरातेतील ज्या शहरात मी राहतो, तेथे आमची एक लहानशी मराठी मंडळी आहे. तिच्यातील एक विधवा भगिनी, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, विद्यार्थ्यांच्या खाणावळीसाठी पोळ्या लाटून घर चालवी. रोज दोन-अडीचशे पोळ्या. माझ्या दुखण्याच्या दोन वर्षे आधी तिने उपासनेनंतर मला सांगितले होते की रात्री हात मरून जातो, झोप येत नाही, लाटणे धरवत नाही. मी तिला काय सांगितले? पौलाच्या शरीरातील काट्याची गोष्ट सांगितली. देवाची कृपा पुरेशी आहे, सहन करा, असे म्हणून तिच्यासाठी प्रार्थना केली आणि समाधानाने घरी गेलो.

माझे मनगट दुखले तेव्हा मात्र मी काट्याची गोष्ट स्वतःला फार दिवस सांगितली नाही. आठ महिन्यांनी का होईना, दवाखान्यात गेलो, पगारी रजा घेतली, मदतनीस मिळाला. तिची दोन वर्षे तशीच गेली होती.

रुग्णालयातून आल्यावर मी तिच्या घरी गेलो. मी काही बोलण्याआधी तिनेच विचारले, “भाऊ, हात बरा आहे ना आता?” मला उत्तर देता येईना. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, “असं नका म्हणू. मीही गेले होते हो सरकारी दवाखान्यात. पट्टा बांधा आणि हाताला विश्रांती द्या म्हणाले. पट्टा बांधून पोळी कशी लाटायची? आणि नाही लाटली तर खायचं काय?”

बंधुभगिनींनो, पर्यायांचा विचार करा असे आपण सहज म्हणतो. पर्याय असणे हीच एक संपत्ती आहे, आणि ती सर्वांजवळ सारखी नसते. ज्यांना पगारी रजा आहे, कामगार विमा आहे, त्यांच्याखाली कोणीतरी धोंडा ठेवलेला असतो. पोळ्या लाटणारी, विड्या वळणारी, घरी बसून शिलाई करणारी भगिनी टेकडीवर उभीच असते. तिच्याजवळ जाऊन प्रार्थना करून परत येणे म्हणजे मोशेचे हात खाली येत आहेत हे पाहून अहरोनाने केवळ स्तोत्र गावे, असे आहे.

काट्याच्या त्या उताऱ्याविषयी मी आता इतकेच म्हणतो. पौलाने तो काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. कृपेचे उत्तर त्याला प्रभूकडून मिळाले आणि त्याने ते स्वतःविषयी साक्ष म्हणून लिहिले. ते दुसऱ्याच्या दुखण्यावर लावण्याचा लेप नव्हे. सहन करण्याची कृपा ज्याची त्याला देव देतो, आपल्याला शेजाऱ्याविषयी दिलेली आज्ञा त्याची ओझी वाहण्याची आहे (गलती. ६:२).

आमच्या मंडळीने जे केले ते फार मोठे नाही. साहाय्य निधीतून मावशीची तपासणी झाली, तेव्हा मधुमेह निघाला. त्याचे उपचार सुरू झाले. दोघी भगिनींनी पाळीपाळीने लाटण्याचे काम उचलले, आणि मावशी भाजण्याचे व हिशेबाचे पाहू लागली. मिळकत तिघींत वाटली गेल्याने कमी झाली. ती तूट काही महिने मंडळीने भरली. पुढे तिच्या एका हातावर शस्त्रक्रिया झाली. ती आता रात्रभर झोपते. मी दोन वर्षांपूर्वी ऐकले असते तर ती तेव्हाच झोपली असती.

काम सोडण्याचा पर्याय

शेवटचा प्रश्न अवघड आहे. उपचार झाले, माणसे धावून आली, तरी हात पूर्ववत झाला नाही तर? मग काम सोडावे का?

गणनेच्या आठव्या अध्यायात लेव्यांविषयी एक नियम आहे. पन्नासाव्या वर्षी त्यांनी सेवेच्या कष्टांतून निवृत्त व्हावे, आणि त्यानंतर दर्शनमंडपात आपल्या भाऊबंदांना साहाय्य करावे. भार मात्र वाहू नये. मी पन्नाशी ओलांडली आहे. हा नियम मी पूर्वी वाचला होता, पण त्यातील दया मला दिसली नव्हती. देव सेवकाला टाकून देत नाही, आणि मोडेपर्यंत वापरतही नाही. जेथे भार संपतो तेथे साहाय्य सुरू होते.

सॅम्युएल आयझॅक जोसेफ शेरेशेव्स्की यांचे उदाहरण आम्हा भाषांतरकारांत सांगितले जाते. १८३१ साली लिथुएनियात यहूदी घरात जन्मलेले हे गृहस्थ पुढे शांघायचे बिशप झाले. १८८१ साली आजाराने त्यांचे शरीर बरेचसे लुळे पडले. तरी टंकलेखन यंत्रावर एका बोटाने रोमन लिपीत त्यांनी चिनी भाषांतर उमटवले, आणि ते १९०२ साली प्रसिद्ध झाले. ‘दोन बोटांचे बायबल’ या नावाने ते ओळखले जाते. ही कथा आपण जिद्दीची म्हणून सांगतो. पण तिचे आणखी दोन भाग आहेत. १८८३ साली त्यांनी बिशपपदाचा राजीनामा दिला. जे हातून होणार नव्हते ते सोडले. आणि त्यांच्या रोमन अक्षरांवरून चिनी लिपीत नक्कल करणारे लेखनिक त्यांच्याजवळ होते. सोडणे आणि मदत घेणे, या दोन गोष्टींवर ते एक बोट चालले.

म्हणून ज्या ग्रंथाचे काम मी स्वतः पुरे करीन असा माझा निश्चय होता, तो मी एका तरुण भगिनीकडे सोपवला आहे. ती विचारील तेव्हा मी उत्तर देतो. ते सोपवताना वाईट वाटले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. कागदांचा गठ्ठा द्यायला हात पुढे केला तेव्हा तो थरथरत होता, आणि ते मनगटामुळे नव्हते. पण लढाई मोशेची नव्हती, टेकडीही त्याची नव्हती, आणि वचनही माझे नाही.

वाचकहो, आपला हात दुखत असेल तर आज कोणाला तरी सांगा. आपला हात धड असेल तर येत्या रविवारी उपासनेनंतर आजूबाजूला पाहा. कोणाचे हात खाली येत आहेत ते दिसेल. त्या व्यक्तीला वचन देण्याआधी बसायला धोंडा द्या.

प्रार्थना : हे देवबापा, तू आमचे हात घडवलेस आणि त्यांचे वजन तू जाणतोस. आम्ही दुखणे लपवून त्याला भक्ती म्हटले, याबद्दल आम्हाला क्षमा कर. दुसऱ्याचे दुखणे ऐकून आम्ही केवळ शब्द दिले, याबद्दलही क्षमा कर. उपचार करणाऱ्यांच्या हातांना आशीर्वाद दे. ज्यांना थांबणे परवडत नाही त्यांच्यासाठी आमच्या मंडळ्यांना अहरोन व हूर कर. जे आता आमच्याने होत नाही ते सोडण्यास, आणि जे होते ते आनंदाने करण्यास आम्हाला शिकव. ज्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत त्या प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.